सव्वादोन वर्षांच्या पोराला डर्ट बाईकचं वेड लागलंय, यातूनच त्याला बोलतं कसं करू?

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. आजवर नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात राहतो. शेती आहे. घरात सासू-सासरे, नवरा, मी आणि आमचा बाबू. बाबू नुकताच सव्वादोन वर्षांचा झाला. चालणं, धावणं, जेवण, झोप सगळं छान आहे, पण बोलणं फार कमी. परवा वहीत लिहून काढलं तर चौदा शब्द भरले. माय, बाबा, आबा, पापा (म्हणजे पाणी), नाई, दे, भू (कुत्रा), असे. चौदावा शब्द ‘डुर्र’, आणि दिवसभर चालतो तो तोच.

शेजारचा मुलगा पुण्याची नोकरी सोडून शेती करायला गावी आला. येताना उंच डर्ट बाईक (चिखलामातीत चालवायची मोटारसायकल) घेऊन आला. रोज सकाळी सातला तो पांदणीतून वावरात जातो. आम्हाला आवाज यायच्या आधीच बाबू हातातला घास टाकून ओट्यावर पळतो. गाडी गेली की खाली उतरतो, चिखलात उमटलेल्या चाकोरीपाशी उकिडवा बसतो आणि टायरने पाडलेल्या एकेका खळग्यात बोट घालत पुढे सरकतो. दहा-दहा मिनिटं चालतं हे. उचललं की आकांत. घरात चमचा गाडी, चप्पल गाडी, लाटणं गाडी.

सासूबाई म्हणतात, ‘याचा बाप बी तीन वर्षाचा होईस्तोवर बोल्ला नाई, कायले घोर लावून घेतं?’ नणंद म्हणते, हे गाडीचं खूळ आधी मोडा, मग बोलेल. नवरा मोबाईलवर चिखलातल्या शर्यती लावून देतो, त्यात तो तासभर हूं की चूं करत नाही, आणि तेच मला जास्त टोचतं.

वेड मोडायचं की त्याचंच बोट धरून बोलायला शिकवायचं? शिकवायचं तर कसं? गाड्यांतलं मला काही कळत नाही.

तूरडाळ

मोडू नका! आमच्याकडे जेसीबी होता. दोन वर्षं फक्त जेसीबी. आता पोरगी पाचवीत आहे आणि एक मिनिट गप्प बसत नाही.

दहाचापाना

ताई, मी दिग्रस रोडला गॅरेज चालवतो, तर गाडीचं मी सांगतो, बोलण्याचं जाणकार सांगतील.

पहिले एक गोष्ट. रस्त्यावर नंबर लावून फिरते ती खरी डर्ट बाईक नाही. खऱ्या डर्ट बाईकला हेडलाईट नसतो, इंडिकेटर नसतो, आरसे नसतात, नंबर प्लेट नसते. ती फक्त मैदानात नाहीतर स्वतःच्या वावरात चालवायची, रस्त्यावर आणता येत नाही. शेजारच्या दादाची बहुतेक दोन्हीकडे चालणारी असेल. हिरो कंपनीची २०११ मधली इम्पल्स नाहीतर २०१९ मध्ये आलेली एक्सपल्स, आपल्या भागात ह्याच दिसतात.

आता पोराला दाखवण्यासारखं काय? पुढचं चाक पहा. एक्सपल्सचं पुढचं २१ इंची आणि मागचं १८ इंची. पुढचं मोठं आणि बारीक, मागचं लहान पण जाड. मोठं-लहान, बारीक-जाड, चारही गोष्टी एकाच गाडीवर. मग टायरवरची बटनं. आम्ही त्याला बटन टायरच म्हणतो. चिखलात रुततात आणि गाडीला पुढे ढकलतात, ट्रॅक्टरच्या मागच्या टायरचंच काम. बाबू ज्या खळग्यात बोट घालतो ना, ते ह्याच बटनांचे ठसे. पोरगं बरोबर जागी बोट घालून रायलं.

आणि मडगार्ड. आपली काळी माती कशी आहे ते मी सांगायला नको. पावसाळ्यात साध्या गाडीच्या मडगार्डमध्ये चिखल असा ठासून भरतो की चाकच फिरत नाही. आपले लोक सरळ मडगार्ड काढून ठेवतात. डर्ट बाईकचं पुढचं मडगार्ड ह्याच्याचसाठी वर, चाकापासून लांब बसवलेलं असतं. मधून चिखल निघून जातो.

कडूनिंब

घाबरवायचं नाही, पण एकाच वस्तूचं एवढं वेड आणि बोलणं कमी म्हणजे ऑटिझम (स्वमग्नता) असू शकतो. आमच्या ओळखीत झालं होतं. आधी तपासा.

श्रवणा

मी ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट आहे, अमरावतीत काम करते. सविस्तर लिहिते.

@कडूनिंब, तपासा हे बरोबर आहे, पण वेडावरून निदान होत नाही. २००७ साली ‘डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी’ या नियतकालिकात ज्युडी डीलोश आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. लहान मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांना असं एखादं जबरदस्त वेड असतं, असं त्यात दिसलं. मुलग्यांत ते प्रमाण जास्त. वेड असणं ही काळजीची गोष्ट नाही. मी दुसरंच विचारते. गाडी आली की बाबू तुमच्याकडे वळून बघतो का? बोट दाखवून ‘बघ’ असं सांगतो का? हाक मारली की वळतो का? ‘बाबाची चप्पल आण’ म्हटलं, हातवारे न करता, तर आणतो का? यावरून मला चौदा शब्दांपेक्षा जास्त कळतं.

दोन वर्षांच्या आसपास मुलं दोन शब्द जोडायला लागतात. ‘पाणी दे’, ‘बाबा गेला’ एवढंच. बाबूचं ते अजून नसेल तर कानाची तपासणी करायलाच हवी. ‘गाडीचा आवाज आमच्या आधी ऐकतो, म्हणजे कान चांगले’ असं धरून चालू नका. गाडीचा आवाज जाड आणि मोठा असतो. ‘स’, ‘श’, ‘त’ हे बारीक आवाज नीट येत नसतानाही गाडी ऐकू येते. पावसाळ्यात सर्दी मुरली की कानाच्या पडद्यामागे पाणी साचू शकतं, तेव्हा मुलाला आपण पाण्याखालून बोलल्यासारखे ऐकू येतो.

तपासणीला लगेच नागपूर गाठायची गरज नाही. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. २०१३ पासून हा कार्यक्रम आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि बहिरेपणा, उशिरा बोलणं हे त्यात येतं. सेविकेला सांगा. तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, पैसे लागत नाहीत. मूल झोपेत असताना डोक्याला छोट्या तारा चिकटवून बेरा नावाची ऐकण्याची चाचणी करतात, दुखत काहीच नाही.

आता घरी काय करायचं. ‘डुर्र’ हा शब्दच आहे. तो दर वेळी त्याच वस्तूसाठी वापरतो ना? मग झाला शब्द. त्याला ‘डुर्र नाही, बाईक म्हण’ असं म्हणू नका. तो ‘डुर्र’ म्हणाला की तुम्ही ‘डुर्र आली!’ म्हणा. त्याच्यापेक्षा एकच शब्द जास्त. उद्या ‘डुर्र गेली’. परवा ‘मोठी डुर्र’. आणि मग थांबा. हे थांबणं आपल्याला फार जड जातं. मनात दहापर्यंत मोजा, त्याच्या तोंडाकडे बघत. आपण दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो आणि मुलाची पाळी येतच नाही.

‘हे काय? ते काय? रंग कोणता?’ ही परीक्षा नको. शेजारी बसून तो बघतोय ते बोला.

पऱ्हाटी

श्रवणाताई, मनापासून आभार. हो, वळून बघतो. माझी हनुवटी धरून तोंड गाडीकडे फिरवतो! हाकेला वळतो, पण मागून हळू हाक मारली तर नेहमी नाही. चप्पल आणतो, कुणाचीही आणतो. सेविकाताईंशी आज बोलते.

दहाचापाना भाऊ, तुम्ही सांगितलेलं मडगार्डचं वाचून सासरे खुश झाले. म्हणाले, ‘मी ऐंशी सालापासून काढून ठेवून रायलो, कंपनीले आता समजलं.’

बोरंचिंचा

श्रवणा यांनी लिहिलेलं कानाचं कृपया हसण्यावारी नेऊ नका. माझी मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा मीही हेच विचारायला तालुक्याच्या एका दवाखान्यात गेले होते. ‘मुलगी आहे, लाजते, बोलेल’ म्हणून परत पाठवलं. वर्षभर आम्ही वाट पाहिली. तिला मिक्सरचा आवाज यायचा, ट्रॅक्टरचा यायचा, म्हणून मलाही वाटलं कान ठीक आहेत. शेवटी दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांत पाणी साचल्याचं सांगितलं. उपचार झाले, बोलायला लागली, आज छान बोलते. पण ते एक वर्ष आठवलं की अजून पोटात तुटतं. तिच्याशी मी किती बोलत होते, आणि तिच्यापर्यंत त्यातलं किती पोचत होतं कोण जाणे.

आबाजी

नातवाच्या मोबाईलवरून लिहून रायलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

मायं वय त्र्याहत्तर. आमच्या घरचे पोट्टे बैलावर बोलाले शिकले. दावणीले चार बैल असायचे, त्याइची नावं, त्याइचे रंग, कोणता मारका, कोणता गरीब. पोट्टं सकाळी उठलं का गोठ्यात. ‘बैल बस’, ‘बैल उठ’, ‘पाणी पाज’, ‘कडबा टाक’. शिकवाले कोणी बसलं नव्हतं. पोट्टं मांडीवर घेऊन बंडीत बसलो का रस्ताभर सांगत जायचं, हे बोरीचं झाड, हे नाल्याचं पाणी, हा बैल थकला. आता दावण रिकामी. ट्रॅक्टर भाड्यानं येते अन् जाते. त्या पोराले फटफटी दिसली, त्यानं फटफटी धरली. त्यात त्याचा काय गुन्हा?

अन् बाई, फटफटीच म्हणा त्याले. बाईक काय अन् डर्ट काय. फट-फट-फट, शब्दातच आवाज हाय. माया नातू पहिले ‘फतफत’ म्हणे, मंग ‘फतफती’.

श्रवणा

आबाजी, तुम्ही आमच्या शास्त्राचं नेमकं सांगितलंत. ओठांवरचे आवाज, प, ब, म, मुलांना आधी जमतात. ‘र’ फार उशिरा येतो. ‘फटफटी’त र नाही, तीच दोन अक्षरं परत परत येतात आणि आवाजच शब्द आहे. ‘डर्ट बाईक’पेक्षा शंभर पटींनी सोपा शब्द. तो ‘फतफती’ म्हणाला तर चूक काढायची नाही. आपण ‘हो, फटफटी!’ असं नीट म्हणायचं, बस.

कडूनिंब

माझं आधीचं लिहिणं फार तुटक झालं, माफ करा. तपासणी व्हावी एवढंच म्हणायचं होतं.

एक शंका मात्र आहे. घरात आजी वऱ्हाडी बोलते, आई प्रमाण मराठी, व्हिडिओ हिंदीत. मुलाचा गोंधळ होत नसेल का? आमच्या शाळेत पहिलीला मुलं ‘पोया’, ‘शाया’, ‘डोया’ म्हणत येतात, मग लिहिताना ळ सापडत नाही. निदान घरात तरी सुरुवातीपासून शुद्ध बोलावं.

तूरडाळ

‘शुद्ध’ शब्दावरून आता दोनशे प्रतिसाद होतील, चहा टाकते.

सेविकाताई

मी पुसद तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. कडूनिंब सरांशी मी सहमत नाही. अंगणवाडीत पहिल्या दिवशी पोर येतं ते आजीची भाषा घेऊन येतं. तिथंच तिला ‘अशुद्ध’ म्हटलं की ते तोंड मिटतं, आणि मग उघडायला महिने लागतात. माझ्याकडे एक मुलगा होता, घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारा, तांड्यावरचा. दोन महिने तो एक अक्षर बोलला नव्हता. मी त्याच्या आईकडून दहा शब्द शिकून घेतले. त्याची भाषा माझ्या तोंडून ऐकली तेव्हा असा हसला! त्यानंतर मराठी आपोआप आली. आजी बोलते ती वऱ्हाडी त्या पोराला बोलतं करील. ळ पहिलीत शिकवा ना, तुम्ही आहातच.

आता बाबूसाठी. आम्ही अंगणवाडीत हे करतो, ताई घरीही करू शकतील. परातीत ओली काळी माती घ्यायची. बाटलीची झाकणं, जुन्या सायकलच्या टायरचा तुकडा, कणीस, चाळणी, जे असेल ते मातीवर दाबायचं आणि ठसा बघायचा. ‘गोल’, ‘खड्डा’, ‘रेघ’, ‘अजून’, ‘पुसलं’, ‘परत’. ‘अजून’ आणि ‘परत’ हे दोन शब्द फार कामाचे, पोरं दिवसभर वापरतात. बाबूला चाकोरीत बोट घालायला आवडतं ना, मग त्याच्या शेजारी उकिडवं बसा आणि तुमचंही बोट घाला. तो पुढच्या खळग्यात गेला की ‘अजून एक’. उचलून घरात नेऊ नका. तिथंच तर त्याचा वर्ग भरलाय.

पावसाळ्यात चाकोरीत विंचू-साप असतो, तेवढं आधी बघून घ्या.

निळीटोपी

मी स्वतः चिखलातल्या शर्यतींत उतरायचो, म्हणून धागा उघडला. मूळ हिंगणघाटचा, आता पुण्यात.

बाबूच्या बाबांसाठी एक गोष्ट. व्हिडिओ पूर्ण बंद नका करू, पण एकटा नका बसवू. दहा मिनिटं, मांडीवर, आवाज बंद करून, आणि आवाज आपण करायचा. उडी मारली की ‘उडाली!’, खाली आली की ‘धप्!’, पडला की ‘पडला… उठला!’ माझ्या भाच्याचे पहिले क्रियापद ‘पल्ला’ होते, ते असेच आले. शिवाय त्याला हेही कळायला हवे की पडलेला माणूस उठतो आणि अंग झटकतो.

आणि शर्यत म्हणजे फक्त उडी नाही. सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. तेरा-चौदा दिवसांची ती शर्यत वाळवंटातून, दगडांतून जाते. पडणे, उठणे, दुरुस्त करणे, वाट शोधणे. बाबू मोठा झाला की त्याला ही गोष्ट सांगा.

बोरंचिंचा

आणि बाबूसारख्या मुलींना ऐश्वर्या पिस्सेची सांगा. २०१९ मध्ये बाहा, म्हणजे आडरानातल्या मोटारसायकल शर्यतींच्या, विश्वचषकात महिला गटाचं जेतेपद तिने घेतलं. माझ्या मुलीच्या खोलीत तिचं चित्र आहे. फटफटीचं वेड फक्त पोरांना असतं असं आमच्याकडे सगळे म्हणायचे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

श्रवणा

निळीटोपी यांनी सांगितलेली पद्धत चांगली आहे, पण वेळेकडे लक्ष ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की दोन वर्षांखाली पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एका तासाच्या आत, जितका कमी तितकं चांगलं. पडदा मुलाच्या बोलण्याला उत्तर देत नाही, मूल ‘डुर्र’ म्हणालं तर थांबत नाही, बघत नाही. ओट्यावरून दिसणारी एक खरी गाडी आणि शेजारी बसलेली आई, याची बरोबरी शंभर व्हिडिओंना येणार नाही.

@कडूनिंब, दोन-तीन बोलींत वाढल्याने मूल उशिरा बोलत नाही, हे आता नीट माहीत झालेलं आहे. प्रत्येकाने आपल्याला सहज येते ती भाषा बोलावी. ओढूनताणून बोललेली भाषा मुलाला कमी ऐकायला मिळते, कारण बोलणाराच कमी बोलतो.

दहाचापाना

एक कळकळीनं सांगतो. पोराला गाडीची हौस आहे म्हणून टाकीवर बसवून फिरवू नका. माझ्या गॅरेजसमोरून रोज जातात, पुढे टाकीवर लेकरू, डोक्यावर काही नाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराला गाडीवर न्यायचं तर अंगाला पट्टा, डोक्यात मापाचं हेल्मेट आणि वेग चाळीसच्या आत, असा नियम २०२२ मध्ये निघाला. तालुक्याच्या गावी मापाचं हेल्मेट मिळणं कठीण आहे हे खरं, पण मग गाडी उभी असतानाच बसवा.

आणि सायलेन्सर. गाडी बंद झाल्यावर बराच वेळ तापलेला राहतो, आणि डर्ट बाईकचा सायलेन्सर वर असतो, बरोबर लेकराच्या तोंडाच्या उंचीला. चटका बसलाच तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, टूथपेस्ट-हळद काही नाही. ‘गरम’ हा शब्द पहिल्याच दिवशी शिकवा. हात जवळ नेऊन, वाफ दाखवून, ‘गरम! हात नाही.’

बोलण्यासाठी एक खेळ सांगतो, जमला तर बघा. दादाची गाडी आणि तुमच्या घरची साधी गाडी शेजारी उभी करा. ‘इथं आरसा आहे. इथं आरसा…?’ आणि थांबा, श्रवणाताई म्हणाल्या तसं. माझ्या पुतण्याला ‘नाई’ फक्त जेवताना म्हणता यायचं, ह्या खेळानं ‘आत्ता (आरसा) नाई’, ‘लाईट नाई’ सुरू झालं. खऱ्या डर्ट बाईकच्या चित्रावर तर सगळंच नाई. नंबर नाई, लाईट नाई, आरसा नाई. लेकरं खदाखदा हसतात.

आबाजी

तान्हा पोया, म्हंजे लेकराइचा पोया, जवळ आला. बाबूले लाकडी बैल घ्या. चाकं असतेत त्याले, दोरी बांधून ओढतो. आमच्या गावचा सुतार मोठ्या चाकाचे करते, चिखलात फसत नाई. अन् घरोघरी नेला का लोकं बोजारा (खाऊ-पैसे) देतेत, तवा ‘दे’ म्हणाले लागते. आयता शब्द तयार हाय पोराजवळ.

पऱ्हाटी

धागा वर काढतेय, सहा आठवडे झाले. सगळ्यांना सांगायचं होतं पण डवरणी, निंदण आणि मध्येच बाबूला ताप, राहून गेलं.

आधी कानाचं. आमच्या गावच्या सेविकाताईंनी पथक येण्याची वाट न बघता चिठ्ठी करून दिली. जिल्ह्याला दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत तो झोपलाच नाही, तारा उपटून टाकल्या. दुसऱ्या वेळी पहाटे चारला उठवून नेलं, तिथं मांडीवर गाढ झोपला. उजवा कान छान. डाव्या कानाच्या पडद्यामागे थोडं पाणी आहे, सर्दीमुळे. औषध दिलंय, सहा आठवड्यांनी परत बोलावलंय. बोरंचिंचा ताई, तुम्ही लिहिलं नसतं तर मी दिवाळीपर्यंत थांबले असते.

रोज सकाळी सातला मी त्याच्याबरोबर ओट्यावर बसते. स्वयंपाक अर्धा तास उशिरा होतो, सासूबाईंनी ते मुकाट्यानं चालवून घेतलं, आणि आता त्याही येऊन बसतात. दादाला सांगून ठेवलंय, तो आमच्या ओट्यापाशी गाडी थांबवतो आणि बाबू काहीतरी म्हणेपर्यंत निघत नाही. पहिले चार दिवस नुसता बघत बसला. दादा बिचारा पावसात उभा. पाचव्या दिवशी मी मनात आठपर्यंत मोजलं होतं तेव्हा बाबूनं हात वर केला आणि म्हणाला, ‘फती जा.’ दादानं अशी किक मारली म्हणून सांगू! तो जाईपर्यंत मी रडत होते.

आता वहीत एकसष्ट शब्द आहेत. चाक, चिखल, गलम (गरम), मोथं, अजून, पल्ला, नाई, बटन. नवऱ्यानं मोबाईल दहा मिनिटांवर आणला, तोंडानं आवाज तोच काढतो, निळीटोपी भाऊ, आणि तुम्ही सांगितल्यापेक्षा फार मोठ्यानं काढतो.

काल तान्हा पोळा झाला. आबाजींनी सांगितल्यासारखा मोठ्या चाकाचा लाकडी नंदी सुताराकडून करून घेतला होता. अंगाला झूल, शिंगांना बेगड. मारुतीच्या देवळापुढे कालच्या पावसानं रबडी झाली होती. सगळी पोरं पुढे गेली आणि आमचा नंदी मधोमध अडकला. पुढच्या चाकाच्या आणि पाटीच्या मधे काळा चिखल गच्च बसला होता. बाबूनं दोनदा दोरी ओढली. मग खाली बसला, चाकाच्या फटीत बोट घातलं, चिखल उकरला, माझ्याकडे वळला आणि म्हणाला,

‘माय, बैल फसला. मदगाद काढ.’

दहाचापाना

ताई, मी गिऱ्हाईकाची गाडी तशीच ठेवून हे वाचलं. दहाचा पाना लागतो त्याला सांगा. उद्या दारव्ह्याला येतोय, एक जुना छोटा पाना त्याच्यासाठी आणतो, धार घासून.

श्रवणा

‘बैल फसला. मडगार्ड काढ.’ दोन वाक्यं, दोन क्रियापदं, आणि एका गोष्टीवरून दुसरी ताडलेली. आज संध्याकाळी आमच्या केंद्रात सगळ्यांना वाचून दाखवणार आहे, चालेल ना? डाव्या कानाची पुढची तारीख मात्र चुकवू नका, कापूस वेचणीच्या घाईतसुद्धा.

आबाजी

चाक अजून एक बोट मोठं पायजे होतं. सुताराले सांगतो.

कडूनिंब

माझ्या वर्गात यंदा ‘पोया’ लिहिणारी सहा मुलं आहेत. या आठवड्यात त्यांना आधी पोळ्याचं तोंडी सांगू दिलं, लिहायला नंतर दिलं. एकानं बैलाच्या वेसणीबद्दल एवढं सांगितलं की तास संपला. सेविकाताई, आभार.

बोरंचिंचा

पऱ्हाटी, बाबूला माझ्या लेकीकडून पापा. नंदी करणारे सुतार कुठले? तिला पुढच्या वर्षी दोन चाकांचा हवाय, फटफटीसारखा.

पऱ्हाटी

हो, चालेल श्रवणाताई. बोरंचिंचा ताई, सुतार आमच्याच गावचे आहेत, तुम्हाला वेगळा निरोप पाठवते. दोन चाकांचा उभा राहणार नाही म्हणतात, पण बाजूला टेकू लावून बघतो म्हणाले.